हौसेला मोल नाहीं

‘हौसेला मोल नाहीं’ ही म्हण आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, तिच्या पोटांत दोन परस्परविरुद्ध अर्थ आहेत हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हौस पुरविण्यासाठीं कितीहि पैसा खर्च झाला तरी तो थोडाच, हा एक अर्थ. आणि हौसेपायीं घेतलेली वस्तु बाजारांत नेली तर तिला कवडीहि येणार नाहीं, हा दुसरा. पहिल्या अर्थानें ती म्हण हौशी मनुष्य स्वतः उच्चारतो. दुसऱ्या अर्थानें त्याच्या घरचीं माणसें आणि शेजारी उच्चारतात. जुनीं नाणीं जमविणाऱ्या लोकांइतका या दोन अर्थांच्या कात्रींत सांपडलेला दुसरा वर्ग आम्हांस तरी ठाऊक नाहीं. कारण त्यांची हौसच मुळीं अशा वस्तूची आहे कीं, जिच्या अंगावर तिची किंमत छापलेली असते. चित्र विकत घेणाऱ्यास कोणी म्हणूं शकत नाहीं कीं, याची खरी किंमत अमुक आहे आणि तूं फसलास. परंतु पांच सेंटांच्या नाण्यासाठीं लाखों डॉलर मोजणाऱ्या मनुष्यास हें वाक्य कोणताहि शाळकरी मुलगा ऐकवूं शकतो, आणि तें वाक्य अक्षरशः खरेंहि असतें.

आम्ही स्वतः संग्राहक नव्हों. वर्षानुवर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत असतां या मंडळींची आमची पहिली ओळख झाली ती पुस्तकांतून. आणि पुस्तकांनीं त्यांस जसें रंगविलें तसेंच त्यांजकडे आम्हीं बरींच वर्षें पाहिलें. तें चित्र कितपत न्याय्य आहे, थोर लेखकांनीं या लोकांच्या पदरीं जो दोष बांधला तोच त्यांचा खरा दोष आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. ओघानें आमच्या एका जुन्या चुकीची कबुलीहि द्यावी लागेल. पण ती शेवटीं.

या चित्रमालिकेंत अग्रस्थान ला ब्रुयेर या फ्रेंच लेखकास दिलें पाहिजे. त्याचा माणसांच्या स्वभावचित्रांचा ग्रंथ १६८८ सालीं प्रथम निघाला आणि पुढें प्रत्येक आवृत्तींत वाढत गेला. त्यांत लोकांच्या आवडीनिवडींवर जें प्रकरण आहे, त्यांत एक नाणेंसंग्राहक येतो. कोणतें नाणें किती झिजलें आहे, कोणत्याचा ठसा टांकसाळींतून आल्यासारखा ताजा आहे, याची त्यास बारीक पारख. त्याच्या पेटींतलीं सारीं घरें भरलेलीं आहेत. एकच काय तें रिकामें आहे. तें रिकामें घर त्याच्या डोळ्यांत सलतें, आणि तेवढें भरण्यासाठीं तो आपली मिळकत आणि आपलें आयुष्य वेंचीत असतो. चित्र चार ओळींचें आहे, पण त्या एका रिकाम्या घरांत संग्राहकाचें सारें मन सांठविलेलें आहे. ला ब्रुयेरचा आक्षेप असा कीं, या लोकांचें प्रेम चांगल्यावर नसतें, सुंदरावर नसतें. तें दुर्मिळावर असतें, म्हणजे आपल्यापाशीं आहे आणि दुसऱ्यापाशीं नाहीं एवढ्याच गोष्टीवर असतें.

इंग्रजींत पोप या कवीनें हीच थट्टा अधिक विखारी केली. १७४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘डन्सियड’च्या चौथ्या भागांत त्यानें खोटीं नाणीं विकणारा एक लबाड आणि तीं घेणारा एक धनिक भोळा यांची जोडी रंगविली आहे, त्यांतला लबाड सोन्याचीं नाणीं गिळून बसलेला आहे, आणि तीं त्याच्या पोटांतून बाहेर कशीं काढावयाचीं या विवंचनेंत दुसरा आहे. ही कल्पना पोपच्या डोक्यांतून निघालेली नव्हे. फ्रान्सच्या राजासाठीं नाणीं गोळा करीत हिंडणारा व्हायाँ नांवाचा एक विद्वान सतराव्या शतकांत अल्जिअर्सच्या चांच्यांच्या हातीं सांपडून कांहीं महिने कैदेंत राहिला होता. सुटून परत येत असतां पुन्हा एक चांच्यांचें जहाज दिसलें, तेव्हां त्यानें जवळचीं पंधरा-वीस सोन्याचीं नाणीं गिळून टाकिलीं. नाण्यांपायीं प्राण धोक्यांत घालणाऱ्या या गृहस्थाची गोष्ट युरोपभर पसरली आणि लोक पोट धरधरून हंसले. व्हायाँनें जें केलें तें एखाद्या सैनिकानें आपल्या पलटणीच्या निशाणासाठीं केलें असतें तर त्यावर पोवाडे झाले असते, हें मात्र हंसणाऱ्यांपैकीं कोणाच्या मनांत आलें नाहीं.

स्कॉटचा विनोद याहून पुष्कळ सौम्य आहे. त्याच्या ‘अँटिक्वरी’ (१८१६) या कादंबरींतील ओल्डबक हा जुन्या वस्तूंचा वेडा लेखकाच्या प्रेमांतला आहे. किंबहुना त्यांत स्कॉट स्वतःच बराचसा आहे. एक उजाड माळ रोमन लष्कराची छावणी होती अशी ओल्डबकची खात्री होते, आणि तो माळ मिळविण्यासाठीं तो आपली पिकाऊ जमीन एकरास एकर देऊन टाकितो. पुढें तेथल्या खुणा तो मोठ्या अभिमानानें दाखवीत असतां एक म्हातारा भिकारी येऊन सांगतो कीं, हें बांधकाम आमच्या डोळ्यांदेखत झालेलें आहे. वर्गांत हा प्रसंग वाचून दाखवितांना विद्यार्थी हंसले नाहींत असें आमच्या स्मरणांत नाहीं.

बाल्झाकनें ‘कझिन पाँस’ (१८४७) या कादंबरींत चित्राची दुसरी बाजू दाखविली. पाँस हा गरीब वादक नाटकगृहांतल्या नोकरीवर गुजराण करितो आणि कलावस्तु जमवितो. पण शंभर फ्रँकांच्या वर एकाहि वस्तूस द्यावयाचे नाहींत असा त्याचा नेम आहे. त्याची नजरच त्याचें भांडवल. जे नातेवाईक त्याला जेवणाच्या पंक्तीला बसवून घेण्यासहि कुरकुरत, त्यांस त्याच्या संग्रहाची बाजारांतली किंमत कळतांच ते त्याच्या मरणशय्येभोंवतीं गिधाडांसारखे जमतात. म्हणजे ज्यानें प्रेम केलें त्यानें किंमत मोजली नाहीं, आणि ज्यांस किंमत कळली त्यांनीं त्या वस्तूंवर कधीं प्रेम केलें नाहीं. किंमत आणि प्रेम यांची अशी स्पष्ट फारकत दुसऱ्या कोणत्याहि कादंबरींत आमच्या पाहण्यांत नाहीं.

या लेखकांच्या मतांचा निष्कर्ष काढला तर तो असा : संग्राहकाची हौस दुर्मिळपणाची असते, ती त्याला हास्यास्पद करिते, ती त्याला फसवून घेण्यास तयार करिते, आणि खरें प्रेम असेल तर तें भारी किंमतींत दिसत नाहीं. यांतला प्रत्येक मुद्दा आजच्या काळांतल्या उदाहरणांवर घासून पाहण्यासारखा आहे. कारण ला ब्रुयेरच्या काळीं एका पेटीच्या एका घरापुरती असलेली ही गोष्ट आतां जगाच्या बाजारपेठेंत येऊन बसली आहे.

अमेरिकेच्या टांकसाळींत १९३३ सालीं वीस डॉलरांचीं ४,४५,५०० सोन्याचीं नाणीं पाडण्यांत आलीं. त्यांवरील स्वातंत्र्यदेवतेची आणि गरुडाची आकृति सेंट-गॉडन्स या शिल्पकारानें केलेली असून ती अमेरिकेच्या नाण्यांतली सर्वांत देखणी मानली जाते. त्याच वर्षीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं लोकांजवळचें सोनें सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. हीं नाणीं व्यवहारांत आलींच नाहींत आणि पुढें वितळविलीं गेलीं. दोन संग्रहालयासाठीं ठेविलीं. कांहीं मात्र चोरवाटेनें टांकसाळीबाहेर पडलीं. त्यांतलें एक इजिप्तचा राजा फारूक याजकडे १९४४ सालीं पोंचलें, आणि गंमत ही कीं, तें देशाबाहेर नेण्याचा परवाना अमेरिकन सरकारच्याच खात्यानें नजरचुकीनें दिलेला होता. फारूक पदच्युत झाला, त्याच्या संग्रहाचा १९५४ सालीं कैरोस लिलाव पुकारला गेला, आणि अमेरिकन सरकारनें मागणी करतांच तें नाणें यादींतून काढलें जाऊन दिसेनासें झालें. तें पुन्हा उजेडांत आलें १९९६ सालीं न्यूयॉर्क येथें; आणि विकावयास आणणाऱ्यास अटक झाली. खटला तडजोडीनें मिटून २००२ सालीं तें लिलावांत ७५ लाख ९० हजार डॉलरांस गेलें. त्या वेळीं बोलीच्या रकमेशिवाय आणखी वीस डॉलर सरकारनें घेतले. कारण हें नाणें सरकारनें रीतसर व्यवहारांत आणलें असें होण्यास त्याची दर्शनी किंमत खजिन्यांत भरली जाणें आवश्यक होतें. २०२१ सालीं तेंच नाणें १ कोटि ८८ लाख ७२ हजार डॉलरांस विकलें गेलें. त्याचें वजन सुमारें ३३ ग्रॅम आहे.

आतां येथें कोणाचें प्रेम कशावर होतें? सौंदर्यावर म्हणावें, तर त्याच आकृतीचीं मागल्या वर्षांचीं नाणीं पुष्कळ आहेत आणि तीं सोन्याच्या भावाहून थोड्याशा अधिक किंमतींत मिळतात. डोळ्यांस दिसणारा फरक फक्त चार आंकड्यांचा. मग ला ब्रुयेर खरा ठरला असें म्हणावें काय? अगदीं तसेंहि नाहीं. त्या चार आंकड्यांत एका राष्ट्राच्या आर्थिक संकटाची, एका राजाच्या अधःपाताची आणि एका सरकारच्या हट्टाची कथा गोंवलेली आहे. २००२ सालीं तें घेणारे गृहस्थ लहानपणापासून संग्राहक होते, आणि बालपणीं ज्या वस्तु आपणांस कधींहि मिळणार नाहींत असें वाटलें त्याच मिळवाव्या ही त्यांची मनीषा होती. याच ओढीनें त्यांनीं २०१४ सालीं ब्रिटिश गियानाचें एक सेंटाचें एकमेव तिकीट ९४ लाख ८० हजार डॉलरांस घेतलें. २०२१ सालीं ज्या दिवशीं नाण्यानें अडीचपट किंमत आणली, त्याच दिवशीं त्याच लिलावांत तें तिकीट ८३ लाखांस, म्हणजे तोट्यांत गेलें. दोन्हीं वस्तु तेवढ्याच दुर्मिळ, आवड तीच, घेणारा तोच. पण बाजारानें एकीला डोक्यावर घेतलें आणि दुसरीला खालीं उतरविलें. केवळ दुर्मिळपणाच्या हिशेबानें याचा उलगडा होत नाहीं.

याहून बोधप्रद कथा १९१३ सालच्या पांच सेंटांच्या नाण्याची आहे. ‘लिबर्टी’चें मुखचित्र असलेलें पांच सेंटांचें नाणें १९१२ सालीं बंद झालें; तरी पुढल्या वर्षाचा आंकडा घातलेलीं अशीं पांच नाणीं अस्तित्वांत आहेत, आणि तीं टांकसाळींतल्याच कोणीं तरी परस्पर पाडून घेतलीं असावीं असा समज आहे. त्यांतलें एक जॉर्ज वॉल्टन या संग्राहकाजवळ होतें. १९६२ सालीं नाण्यांच्या एका प्रदर्शनास जात असतां तो मोटारीच्या अपघातांत मरण पावला. नाणें मात्र शाबूत राहिलें. त्याच्या वारसांनीं तें विक्रीस पाठविलें तेव्हां जाणकारांनीं निकाल दिला कीं, आंकडा बदललेलें हें नकली नाणें आहे. त्याच्या बहिणीनें तें घरांतल्या कपाटांत ठेवून दिलें. तेथें तें चाळीस वर्षें पडून राहिलें. २००३ सालीं बाल्टिमोर येथें इतर चार नाणीं एकत्र मांडलीं गेलीं, तेव्हां वारसांनीं हें पांचवें तेथें नेलें. सहा तज्ज्ञांनीं पांचहि नाणीं शेजारीं ठेवून पाहिलीं आणि तें खरें असल्याचें सांगितलें. १० वर्षांनीं, २०१३ सालीं, तें ३१ लाख ७२ हजार डॉलरांस गेलें.

त्या चाळीस वर्षांत नाण्यांत कणाचाहि फरक पडला नव्हता. फरक पडला तो लोकांच्या ज्ञानांत. आम्हांस या गोष्टींत महत्त्वाचें वाटतें तें हेंच. सोन्याचा तुकडा आंधळ्याच्या हातांतहि सोनेंच असतो. पण नाण्यांतलें जें कांहीं धातूच्या पलीकडचें आहे, तें ‘हें काय आहे आणि कोठून आलें’ या प्रश्नाच्या उत्तरावर सर्वस्वीं अवलंबून असतें. संग्राहक जी भरमसाट किंमत देतो ती वस्तूची नसून त्या उत्तराची असते. तो स्वतः तसें म्हणत नसला तरी त्याच्या व्यवहाराचा अर्थ हाच आहे.

ही गोष्ट ओळखून संग्राहकांची बाजू घेणारा इंग्रज लेखक एकच आम्हांस आठवतो, तो म्हणजे ॲडिसन. प्राचीन पदकांच्या उपयोगाविषयींचे त्याचे संवाद त्याच्या मृत्यूनंतर १७२१ सालीं प्रसिद्ध झाले. तिघे मित्र बोलत बसले आहेत; त्यांतला एक प्रारंभीं नाणेंवेड्यांची यथेच्छ टर उडवितो, आणि दुसरा त्यास दाखवून देतो कीं, रोमन कवींच्या काव्यांत जीं स्थळें अंधुक राहतात, त्यांवर हीं नाणीं उजेड पाडतात. इतरांनीं नाणीं घेणाऱ्या माणसाकडे पाहिलें. ॲडिसननें त्या माणसाच्या हातांतल्या नाण्याकडे पाहिलें. आश्चर्याची गोष्ट ही कीं, या पुस्तकाचें स्वागत करणारी कविता त्याच पोपची आहे.

आमच्या देशास तर ॲडिसनचें म्हणणें दसपटीनें लागू पडतें. ग्रीक आणि भारतीय अशा दोन्हीं लिप्यांत राजांचीं नांवें असलेलीं वायव्येकडील नाणीं हौशी लोकांनीं जमविलीं नसतीं, तर जेम्स प्रिन्सेपचें लिपिवाचनाचें काम किती अडलें असतें हें सांगावयास नको. पश्चिम क्षत्रपांची वंशावळ त्यांच्या चांदीच्या नाण्यांवरून बसविण्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा वांटा मोठा आहे. भाऊ दाजींच्या हाताखालीं तयार झालेला हा विद्वान स्वतः नाणीं जमवी, आणि क्षत्रपांवरील त्यांचा निबंध १८८८ सालीं त्यांचें निधन झाल्यावर प्रसिद्ध झाला. या लोकांनीं आपल्या ऐपतीबाहेर पैसा घातला असेल. आपण त्यांच्या पैशाचें व्याज आजहि खात आहों.

सारांश, प्रिय वस्तूसाठीं भारी किंमत देणें हा मुळीं दोषच नव्हे. ज्यासाठीं आपण कांहीं सोडलें नाहीं, त्यावर आपलें प्रेम होतें असें म्हणण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं. शिवाय किंमतीचा भारीपणा आंकड्यांत नसतो. कोट्यधीशानें दिलेले लक्षावधि डॉलर एखाद्या कारकुनानें दिलेल्या अर्ध्या पगारापुढें हलके ठरूं शकतात. तथापि, येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. त्यागावरून प्रेम किती खोल आहे हें कळतें. तें योग्य आहे कीं नाहीं हें कळत नाहीं. ही उणीव कोठें उघडी पडते हें पाहण्यासाठीं आणखी एक उदाहरण घेतलें पाहिजे.

सीझरचा वध केल्यावर ब्रूटसनें ग्रीसकडे सैन्य जमविलें, आणि त्याच्या पगारासाठीं ख्रिस्तपूर्व ४२ च्या सुमारास नाणीं पाडलीं. त्यांच्या एका बाजूस ब्रूटसचा चेहरा आहे. दुसऱ्या बाजूस दोन खंजीर, त्यांच्या मधें गुलामगिरींतून मुक्त झालेल्याची टोपी, आणि खालीं वधाच्या तिथीचीं अक्षरें. डिओ कॅसिअस या इतिहासकारानेंहि या नाण्याचा उल्लेख केला आहे. खून करणाऱ्यानें खुनाची तारीख नाण्यावर छापून ती शिपायांच्या हातांत पगार म्हणून द्यावी, याहून धीट कृत्य नाण्यांच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. शेक्सपिअरचा ‘ज्यूलिअस सीझर’ शिकविणाऱ्या माणसास हें नाणें एकदां तरी हातांत धरावें असें न वाटल्यास नवल. चांदींतलीं तशीं नाणीं सुमारें शंभर उपलब्ध आहेत, सोन्याचीं तिन्हींच. त्यांतलें तिसरें ऑक्टोबर २०२० मध्यें लंडन येथें ३२ लाख ४० हजार पौंडांस विकलें गेलें. लिलावाच्या यादींत तें स्वित्झर्लंडमधल्या एका जुन्या सरदारी संग्रहांतून आल्याचें नमूद होतें. तें सारें बनावट होतें. नाणें ग्रीसमधून चोरून बाहेर काढलेलें होतें असा निष्कर्ष न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनीं काढला, आणि मार्च २०२३ मध्यें तें ग्रीसला परत करण्यांत आलें.

येथें नाणें खरें होतें, प्रेम खरें होतें, किंमतहि थोडी नव्हती. खोटी होती ती केवळ हकीकत. आणि हकीकत खोटी म्हणजे गेलें काय, तर जें या नाण्याचें खरें मोल तेंच गेलें. तें कोणत्या शेतांत, कोणत्या मडक्यांत, आणखी कोणत्या नाण्यांच्या संगतींत सांपडलें? तेथें ब्रूटसच्या सैन्याचा तळ होता कीं त्या सैन्यांतून पळालेल्या एखाद्या शिपायानें तें पुरून ठेविलें होतें? नाणें आतां आपल्या देशांत परत गेलें आहे. पण तें जेथून निघालें ती जागा त्याच्याबरोबर परत आली नाहीं.

जागा हातची न गेल्यानें काय लाभतें याचें उदाहरण आम्हांस परदेशांत शोधावयास नको. नाशिकजवळ जोगलटेंभी येथें १९०६ सालीं नहपान या क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. एकंदर नाणीं १३,००० हून अधिक; आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत गौतमीपुत्रानें क्षहरातांचा निःपात केल्याचें त्याच्या मातेनें कोरविलें आहे. त्या दाव्याची साक्ष या सांठ्यानें अशी भरली कीं, आणखी पुराव्याची गरज राहूं नये. या नाण्यांपैकीं सुटें एक आज कोणा संग्राहकाच्या पेटींत असेल, तर तें एक सुरेख नाणें आहे, एवढेंच. परंतु तेरा हजार नाणीं एकत्र, आणि तींहि नाशिकच्या परिसरांत, म्हणजे एका राजवटीचा अंत आहे. तीं नाणीं सांपडतांच एकेक करून चढ्या भावानें हौशी लोकांच्या हातीं गेलीं असतीं, तर प्रत्येक घेणाऱ्यास आनंद झाला असता आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचें एक पान कोरें राहिलें असतें.

म्हणून आमच्या मतें संग्राहकावरचा खरा आरोप ला ब्रुयेर किंवा स्कॉट यांनीं केलेला नव्हेच. तो वेडा आहे, तो फसतो, तो ऐपतीबाहेर खर्च करितो, हे सारे क्षम्य दोष. बहुतेक प्रेमांत ते असतातच. अक्षम्य दोष एकच आहे : हें कोठून आलें, हा प्रश्न न विचारणें. कारण त्या उत्तरासाठींच तो किंमत देत असतो. आणि उत्तर न मागतां किंमत दिली कीं, उत्तर पुसून टाकणाऱ्याच्या हातांत तो पैसा घालतो. पोपनें रंगविलेला तो लबाड आणि तो भोळा यांच्या जोडींत सत्याचा अंश आहे तो हा. भोळ्याशिवाय लबाडाचा धंदा चालत नाहीं. फरक इतकाच कीं, पोपच्या भोळ्याचें नुकसान त्याचें एकट्याचें होतें. आजच्या भोळ्याचें नुकसान सर्वांचें होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, यासाठीं कायदे आहेत. आहेत खरे. जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास दिली पाहिजे असें १८७८ चा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुनें नाणें देशाबाहेर नेण्यास खाजगी माणसांस १९७२ च्या कायद्यानें मनाई आहे. परंतु कायदा फार तर नाणें राखील. त्याची हकीकत राखणें कायद्याच्या हातांत नाहीं. तें प्रेम करणाऱ्याच्याच हातांत आहे. आणि येथें आम्ही सुरुवातीस म्हटलेल्या कबुलीकडे येतों.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. पेन्शनीवर संसार, आणि नाद सातवाहनांच्या नाण्यांचा. पैठण-नेवाशाकडे नदीकांठीं पावसाळ्यानंतर तांब्याचीं-शिशाचीं बारकीं नाणीं सांपडतात, तीं विकणारीं माणसें त्यांच्या दारीं येत. पोस्टमास्तर घासाघीस करीत नसत. एकदां त्यांनीं एका क्षत्रप नाण्यासाठीं महिन्याची अर्धी पेन्शन देऊन टाकिली, आणि त्या महिन्यांत घरांत काय बोलाचाली झाली असेल ती झाली. आम्ही त्यांस ओल्डबकची आणि त्या उजाड माळाची गोष्ट रंगवून सांगितली. ते मनापासून हंसले. नंतर त्यांनीं कपाटांतून तीन वह्या काढून आमच्यापुढें ठेविल्या. प्रत्येक नाण्यास क्रमांक, वजन, आणलें कोणीं, कोणत्या गांवच्या कोणत्या बाजूस सांपडलें, बरोबर आणखी काय होतें, तारीख आणि दिलेली किंमत. एवढें लिहिण्याची काय यातायात, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, पैसे पडतात ते नाण्याला. गांव तो माणूस फुकट सांगतो. फुकट मिळालेलें टाकायचें कशाला?”

आम्हीं वह्या चाळल्या आणि परत केल्या. हा एका रिकामपणीच्या छांदिष्टपणाचा नमुना, असा मनाशीं शेरा मारून आम्ही घरीं आलों. पुढें पोस्टमास्तर वारले. मुलें दूरच्या शहरांत. घर विकण्याची घाई. नाणीं एका व्यापाऱ्यानें एकगठ्ठा नेलीं, आणि मुलांस जी रक्कम मिळाली ती वडिलांनीं घातलेल्या पैशाहून अधिक होती, असें त्यांनीं आम्हांस मोठ्या समाधानानें सांगितलें. वह्यांची चौकशी केली तेव्हां कळलें कीं, त्या रद्दींत गेल्या. तो दोष मुलांचा नव्हे. त्यांस कोणीं सांगितलें होतें? सांगूं शकणारा मनुष्य आमच्या माहितींत एकच होता, आणि तो त्या वेळीं वर्गांत ओल्डबकवर मुलांस हंसवीत होता.

तीं नाणीं आज निरनिराळ्या पेट्यांत असतील. त्यांस पोस्टमास्तरांनीं दिली त्याच्या कितीतरी पट किंमत आली असेल, आणि घेणाऱ्यांनीं ती प्रेमानेंच दिली असेल. परंतु कोणतें नाणें पैठणचें आणि कोणतें नेवाशाचें हें आतां जगांत कोणी सांगूं शकणार नाहीं. त्या संग्रहांतलें जें फुकट मिळालें होतें तेवढेंच काय तें अमोल होतें, आणि तेवढेंच रद्दीच्या भावानें गेलें. हौसेला मोल नाहीं असें म्हणतात. पण हौशी माणसाच्या वहीला मोल आहे, आणि तें ओळखणें हें निदान आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या म्हणविणाऱ्यांचें काम होतें. आमच्या एखाद्या वाचकाच्या शेजारीं असा कोणी नाणेंवेडा राहत असेल, तर त्यानें किती पैसे घातले याचा हिशेब कृपा करून मांडूं नये. त्यानें वही ठेविली आहे काय एवढें विचारावें. आणि ठेविली असेल, तर ती कोठें आहे हें त्याच्या मुलांस सांगून ठेवावें.